बँडवर पावलं कधी कमी, कधी जास्त का दिसतात? हिशेब असा जुळवा

"काल वीस हजार झाली होती, आज तेवढंच चालून सतराच." "फोन एक आकडा सांगतो, मनगट दुसराच." "रिक्षात नुसती बसले होते, तरी पावलं वाढली." मनगटावर पावलं मोजणारा फिटनेस बँड बांधायला लागले तेव्हा या तीनही तक्रारी पहिले दोन महिने माझ्याच होत्या. गेल्या दिवाळीपासून मी रोज २०,००० पावलांचा नेम धरला आहे. राहते ठाण्याला नौपाड्यात, नोकरी वाशीला. पहाटे सव्वापाचला तलावपाळीला, म्हणजे तलावाकाठी फेऱ्या, मग ठाणे-वाशी लोकल, दुपारी डबा खाल्ल्यावर वाशीत एक फेरी, संध्याकाळी स्टेशनवरून घरी चालत, आणि जेवणानंतर उरलेली पावलं. रस्ते तेच, वेळा त्याच. तरी सोमवारी २०,४०० आणि गुरुवारी १६,९००. साडेतीन हजारांचा फरक म्हणजे माझ्या चालीने अर्ध्या तासाहून जास्त चालणं. तो भरून काढायला मी रात्री साडेदहाला गच्चीवर फेऱ्या मारत होते.

बँड बंद करून चालू केला, सॉफ्टवेअर अपडेट केलं, पट्टा एक भोक घट्ट केला. फरक पडला नाही. उत्तर मिळालं ते आमच्या तळमजल्यावरच्या काकांकडून.

काकांचा जप

काका ७६ वर्षांचे. मुलाने वाढदिवसाला बँड आणून दिला आणि रोज दहा हजार चालायचं असं सांगितलं. काका शिस्तीचे, त्यांनी ते मनावर घेतलं. सकाळ-संध्याकाळ तलावपाळीला चालायचे, पण बँडवर तीन हजारांच्या पुढे आकडा जाईना. म्हणून फेऱ्या वाढवल्या, मग आणखी वाढवल्या. महिन्याभरात उजवा गुडघा सुजला आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस घरी बसवलं.

मी भेटायला गेले तेव्हा ते मनापासून खचलेले होते. "अगं, माझ्याच्याने आता होत नाही," म्हणाले. आणि मग सहज बोलताना म्हणाले, "पण एक समजत नाही. मी चालताना नाम घेतो. एका पावलाला एक नाम. माझ्या काउंटरवर पाच हजार भरतात, आणि हे यंत्र दोन हजार नऊशे दाखवतं."

देवळाबाहेर बोटात घालायचा जपाचा काउंटर मिळतो ना, अंगठीसारखा, वर एक बटण असतं, तोच तो. काका दोन्ही हात पाठीमागे बांधून चालतात आणि अंगठ्याने बटण दाबत जातात. आपल्याकडचे कितीतरी वयस्कर पुरुष असेच चालतात, तलावपाळीवर सकाळी उभं राहून बघा. त्या चालण्यात पाय सगळं काम करतात आणि मनगट जवळजवळ स्थिर असतं. बँड होता त्याच मनगटावर.

पाच हजारांना दोन हजार नऊशे. याच प्रमाणात बँडवर दहा हजार दिसायला काकांना खरी सतरा हजार पावलं टाकावी लागली असती. ७६ व्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यावर. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. चालण्यात त्यांची काही कसूर नव्हती. त्यांचे हात कुठे असतात हे त्या यंत्राला कळायची सोय नव्हती, आणि हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. पावलं चुकायला लागली की पायांवर किंवा बँडवर संशय घेण्याआधी एकच विचारा: चालताना माझा हात कुठे होता?

आत काय चालतं

बँडच्या आत तांदळाच्या दाण्याहून लहान असा एक सेन्सर असतो, ॲक्सेलरोमीटर. तो तीन दिशांनी होणारे धक्के आणि झोके मोजतो. पावलागणिक शरीर थोडं वर-खाली होतं आणि हात पुढे-मागे जातो. या हालचालीची लाट ठरावीक तालात येते, साधारण सेकंदाला दीड ते अडीच. बँडमधला प्रोग्राम ही तालबद्ध लाट शोधतो आणि तिची टोकं मोजतो. पाय त्याला दिसत नाहीत. मनगटावर जे पोचतं त्यावरून तो पायांचा अंदाज बांधतो.

यातून दोन गोष्टी निघतात. मनगटाची हालचाल अडली तर लाट बारीक होते आणि पावलं गळतात. आणि पाय स्थिर असूनही मनगट त्याच तालात हललं तर नसलेली पावलं जमा होतात.

तिसरी गोष्ट फार जणांना ठाऊक नसते. खोटी मोजणी टाळायला बरेच बँड पहिल्या काही पावलांना हिशेबात धरत नाहीत. सलग आठ-दहा पावलं एका तालात पडली की मगच "हा माणूस चालतो आहे" असं मानतात आणि मागची पावलं धरून आकडा पुढे सरकवतात. म्हणून ओट्यापासून फ्रिजपर्यंत चार पावलं, फ्रिजपासून बाल्कनीपर्यंत सहा, असं दिवसभर घरात वावरणाऱ्या बाईची निम्मी धावपळ बँडवर उमटतच नाही. तिचं काम कमी नसतं, ते तुकड्यातुकड्यांनी होत असतं.

चालीचा वेगही महत्त्वाचा. ताशी तीन किलोमीटरच्या खाली चाल गेली की पावलांचा धक्काच मंद होतो आणि बहुतेक यंत्रं चुकायला लागतात. वयस्कर माणसं, काठी किंवा वॉकर घेऊन चालणारे, बाळंतपणानंतर हळूहळू फिरायला लागलेल्या मुली, यांच्या बँडवर आकडा कमी दिसणं हे जवळजवळ ठरलेलं आहे.

आधी चाचणी, मग दुरुस्ती

काकांच्या काउंटरवरूनच मला चाचणीची पद्धत सुचली. तुम्हीही हीच करा, तासाभरात होते.

जपाचा काउंटर असेल तर उत्तम. नसेल तर १०८ मण्यांची जपमाळ घ्या, दहा पावलांना एक मणी ओढा, पूर्ण माळ झाली की १,०८० पावलं. काउंटर असो की माळ, बँड नसलेल्या हातात धरा. चालायला लागण्याआधी बँडवरचा आकडा कागदावर लिहा. माळ पूर्ण झाली की थांबा आणि मिनिटभर उभं राहून मग आकडा वाचा. ही मिनिटभराची वाट महत्त्वाची आहे, कारण पडद्यावरचा आकडा काही यंत्रांत टप्प्याटप्प्याने बदलतो. मी पहिल्यांदा लगेच वाचला आणि उगाच वीस-पंचवीस पावलं कमी धरली.

एक माळ हात मोकळे सोडून चाला. दुसरी तुमच्या रोजच्या अडचणीत: पिशव्या घेऊन, छत्री धरून, हात मागे बांधून, बाबागाडी ढकलत, जे तुमचं असेल ते.

माझे आकडे असे आले. हात मोकळे: १,०८० पैकी १,०७१. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या: ७९२. बँडच्या हातात छत्री: ९३४.

पहिला आकडा बघून मी बँडची मनातल्या मनात माफी मागितली. नऊ पावलांची चूक म्हणजे एक टक्काही नाही. जपानमध्ये पेडोमीटरसाठी, म्हणजे पावलं मोजायच्या यंत्रासाठी, जे औद्योगिक मानक आहे त्यात तीन टक्क्यांपर्यंतची चूक चालते, म्हणजे १,०८० मध्ये बत्तीस. माझं यंत्र उत्तम होतं. आणि गुरुवारच्या कोड्याचा बराचसा उलगडाही तिथेच झाला. गुरुवारी मी जांभळी नाक्याला आठवड्याची भाजी घेते आणि दोन्ही हातांत ओझं घेऊन नौपाड्यात चालत येते. त्यातून पावसाळा असेल तर सकाळची तलावपाळीही छत्रीत.

हात मोकळे सोडून चालल्यावर चूक तीन टक्क्यांच्या आत असेल तर सेटिंग्जना हात लावू नका. तुमची अडचण रोजच्या वागण्यात आहे आणि ती पुढे दिलेल्या उपायांनी सुटते.

पावलं कमी दिसत असतील तर

पिशव्यांचं सांगते, कारण बायकांची सगळ्यात जास्त पावलं तिथेच गळतात. ओझ्याने हात ताठ होतो आणि झोका थांबतो. उपाय म्हणजे तेवढ्या वेळापुरता बँडची जागा बदलणं. पँटला खिसा असेल तर बँड काढून खिशात टाका. खिशातला बँड मांडीबरोबर हलतो आणि मोजणी पुष्कळ सुधारते. कुर्त्याला आणि साडीला खिसा नसतो, म्हणून मी बँड घोट्यावर मोज्याच्या आत बांधते. पट्टा पुरत नसेल तर कमरेला नाडीत अडकवा. जुने पेडोमीटर कमरेलाच लावायचे असत. मी पिशव्या घेऊन घोट्यावर माळ मोजली तेव्हा १,०६६ आली.

यात एक सावधगिरी आहे. काही घड्याळं मनगटावरून काढली की स्वतःला कुलूप लावतात आणि मोजणी अर्धवट ठेवतात. त्यांच्या सेटिंगमध्ये मनगट ओळखण्याचा पर्याय असतो, तो तपासा. ते जमत नसेल तर त्या वेळेपुरता फोन अंगावर, घट्ट खिशात ठेवा आणि त्याची मोजणी धरा. पर्समध्ये किंवा खांद्याच्या सैल झोळीत फोन ठेवला तर तोही चुकतो, कारण झोळीची लय वेगळी असते. पाठीला घट्ट बसणाऱ्या सॅकमध्ये बरा चालतो.

छत्रीवर उपाय सोपा: बँड दुसऱ्या हातात. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, तेव्हा जूनमध्येच बँडचा हात बदलावा आणि ॲपमध्येही तशी नोंद करावी. फिटबिटसारख्या यंत्रांत कामाचा हात आणि दुसरा हात असा पर्याय असतो. कामाचा हात निवडला की यंत्र थोडं कमी संवेदनशील होतं, कारण त्या हाताने आपण दिवसभर इतर कामं करतो. उजव्या हातात बांधून ॲपमध्ये डावाच राहिला असेल तर आकडा फुगतो. डाव्या हातात बांधून उजवा राहिला असेल तर आकडा घटतो. हे डावखुऱ्यांसाठी अर्थातच उलट.

हात मागे बांधून चालणाऱ्यांना "हात सोडून चाला" असं सांगू नका. ती सवय चाळीस वर्षांची असते, आणि काहींचा तोल त्याच चालीत नीट राहतो. बँड घोट्यावर किंवा खिशात, हाच त्यांच्यासाठी योग्य मार्ग. वॉकर किंवा काठीवाल्यांनाही तेच. घोट्यावर नाडीचे ठोके नीट मोजले जातीलच असं नाही, पण त्यांना हवी आहेत ती पावलं.

राहिल्या छोट्या गोष्टी. ट्रेडमिलचा कठडा धरू नका. ठाणे स्टेशनच्या पुलावर चढताना बँडच्या हाताने कठडा धरत असाल तर दुसऱ्या हाताने धरा, पण धरा. चालताना फोन छातीशी धरून वाचत असाल तर तो हात मोजला जात नाही, आणि रस्त्यावर ते धोक्याचंही आहे. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर आणि घट्ट, पण वळ उठणार नाही इतपत.

पावलं जास्त दिसत असतील तर

हा प्रकार कमी जणांना खटकतो, कारण वाढलेला आकडा सुखावतो. पण वीस-पंचवीस हजारांचा नेम असेल तर इथेच फसगत होते.

घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रिक्षा किंवा स्कूटर जाताना धक्के कधीकधी पावलांच्या तालात बसतात. लोकलमध्ये मला फारसा फरक आढळला नाही. ठाणे ते वाशी उभ्याने जाताना दहा-वीसच्या वर आकडा कधी गेला नाही. रिक्षात मात्र खराब रस्त्याला दीडशे-दोनशे जमा झालेली पाहिली आहेत. बसताना आणि उतरताना आकडा बघून ठेवा, आठवड्यात तुमच्या वाटेचा अंदाज येतो. फार येत असतील तर प्रवासात बँड काढून बॅगेत न ठेवता मांडीवर हात टेकवून बसा. हात शरीराला टेकला की पुष्कळ धक्के कमी होतात.

स्वयंपाकघरातही पावलं जमा होतात. पोळ्या लाटताना, कणीक मळताना, खलबत्त्यात कुटताना मनगट अगदी चालण्याच्या तालात फिरतं. मी वीस पोळ्या लाटून पाहिल्या आणि बँडवर २१० पावलं वाढलेली होती. घरातली तुकड्यांची पावलं गळतात आणि लाटण्याची जमा होतात, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला असं समजू नका. दोन्हींचं प्रमाण रोज वेगळं असतं. लाटताना बँड ओट्यावर काढून ठेवावा हे उत्तम, पिठात तो तसाही खराब होतो.

गणपतीत आरतीच्या टाळ्यांनी आणि टाळ वाजवण्याने आकडा चढतो. भजनी मंडळातल्या मैत्रिणीच्या हातात तर एका एकादशीला भरपूर पावलं जमा झाली होती, आणि ती बसलेली होती सतरंजीवर. नवरात्रीतला गरबा मात्र खरा, त्यात पाय चालतात.

वीस हजारांच्या पुढच्यांसाठी एक ताळा

शाळेत गुणाकाराचा ताळा करायचो तसा पावलांचाही करता येतो, घड्याळाच्या काट्यावर. मिनिटाला १०० पावलं ही मध्यम, जरा भरभर चाल मानतात. १२० म्हणजे चांगलीच झपाझप. १६०-१७० ला माणूस पळत असतो.

आता बँड ३०,००० दाखवतो आहे आणि तुम्ही दिवसभरात तीन तास चाललात. म्हणजे मिनिटाला १६७ पावलं. पळला नसाल तर त्यात खोटी पावलं शिरली आहेत, हे कुठलंही तंत्र न जाणता कळतं. १२० च्या चालीने तीस हजारांना चार तास दहा मिनिटं लागतात. माझी चाल ११० ची, म्हणून वीस हजारांना तीन तास. मी रोज रात्री एवढंच बघते: चालण्याचे तुकडे मिळून तीन तास झाले का. झाले असतील आणि बँड अठरा हजार म्हणत असेल, तरी मी झोपायला जाते. गच्चीवरच्या फेऱ्या तेव्हापासून बंद आहेत.

हा ताळा करायला लागल्यावर मोठ्या आकड्यांकडे बघायची नजर बदलते. सोसायटीतल्या एका मुलाने पस्तीस हजार दाखवले की मी आता किती तास चालला असं विचारते. तो खरंच येऊरचा डोंगर चढून उतरून आलेला असतो, तेव्हा त्याचं कौतुकही तितकंच मनापासून करते.

आणि दहा हजार हा आकडा आला कुठून, हेही माहीत असावं. १९६४ मध्ये टोकियोला ऑलिंपिक झालं आणि त्या उत्साहात १९६५ साली एका जपानी कंपनीने पेडोमीटर बाजारात आणला. त्याचं नावच मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापयंत्र. सोपा, गोल, लक्षात राहणारा आकडा. २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे १६,७०० वृद्ध स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्या स्त्रियांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, आणि ७,५०० च्या आसपास तो फायदा स्थिरावला. हे आकडे मी काकांना कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिले. त्यांची खरी पावलं आधीपासूनच पाच हजार होती. ते कधीच मागे नव्हते.

अंतर चुकतं आहे? ती वेगळी अडचण

पुष्कळ जण दोन्ही एकत्र करतात. पावलं बरोबर असूनही किलोमीटर चुकू शकतात, कारण जीपीएस चालू नसेल तेव्हा बँड अंतर मोजतच नाही, पावलांना तुमच्या पावलाच्या लांबीने गुणतो. ती लांबी तो उंचीवरून ठरवतो, साधारण उंचीच्या ४१ टक्के. माझी उंची १५७ सेंटिमीटर, म्हणून त्याने ६५ धरली होती.

एखाद्या मैदानावर ४०० मीटरचा आखलेला ट्रॅक मिळाला तर सगळ्यात आतल्या पट्ट्यातून एक चक्कर मारा आणि पावलं मोजा. माझी ६४० भरली. ४०० मीटर भागिले ६४०, म्हणजे पाऊल साडेबासष्ट सेंटिमीटरचं. अडीच सेंटिमीटरचा फरक वाटायला किरकोळ, पण वीस हजार पावलांवर १३ किलोमीटरऐवजी साडेबारा होतात. ॲपमध्ये पावलाची लांबी हाताने भरायची सोय असेल तिथे हा आकडा भरा. ॲपल वॉचमध्ये वेगळी पद्धत आहे: मोकळ्या, सपाट जागी वीस मिनिटं नेहमीच्या चालीने बाहेरचं चालणं नोंदवलं की ते जीपीएसवरून तुमचं पाऊल शिकतं. नेरूळ-सीवूड्सच्या बाजूला राहणाऱ्यांना पाम बीच रोडलगतचा सपाट भाग यासाठी छान आहे.

जीपीएसवरही आंधळा विश्वास नको. उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि नकाशावर तुम्ही रस्ता सोडून कुणाच्या तरी घरातून चालत गेलेले दिसता. सोसायटीच्या पोडियमवर हेच होतं. येऊरच्या दाट झाडीतही रेघ वेडीवाकडी येते. शिवाय चढावर पाऊल आखूड पडतं, म्हणून येऊरचा एक किलोमीटर आणि तलावपाळीचा एक किलोमीटर यांची पावलं कधीच सारखी भरणार नाहीत. ती चूक नाही, ते बरोबर आहे.

ॲपमध्ये आकडा जुळत नसेल तर

बँडवर १९,००० आणि फोनच्या ॲपमध्ये १२,००० असं दिसलं तर पावलं हरवलेली नसतात, पोचलेली नसतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप्स बंद केली जातात. बँडच्या ॲपला त्या यादीतून वगळा, ब्लूटूथ चालू ठेवा आणि ॲप उघडून हाताने सिंक करा, म्हणजे बँडवरचा आकडा फोनमध्ये ओढून घ्या. फोन बदलताना किंवा बँड नव्याने जोडताना आधी सिंक करायला विसरू नका. मी विसरले होते आणि माझे तीन दिवस कायमचे गेले.

फोन स्वतः पावलं मोजत नसेल तर ॲपच्या परवानग्यांमध्ये शारीरिक हालचालींची परवानगी दिली आहे का बघा. अँड्रॉइड १० पासून ती वेगळी मागितली जाते, आणि घाईत आपण नको म्हणून बसतो.

उलट आकडा अचानक जवळजवळ दुप्पट झाला असेल तर फोन आणि बँड दोघांचीही पावलं एकाच ॲपमध्ये जमा होत असण्याची शक्यता मोठी. अँड्रॉइडच्या हेल्थ कनेक्टमध्ये किंवा ॲपलच्या आरोग्य ॲपमध्ये पावलं कुठून येतात त्या स्रोतांची यादी असते. त्यात बँड सगळ्यात वर ठेवा. एकाच कामाची दोन-तीन ॲप्स असतील तर एक ठेवा, बाकीची काढून टाका.

रात्री बाराला आकडा शून्यावर येतो. साडेअकराला चालायला निघणाऱ्यांची पावलं दोन दिवसांत वाटली जातात, त्याला इलाज वेळ बदलणं हाच.

पायांचंही बघा

आकडा जुळला म्हणजे पाय तयार झाले असं नाही. मी आठ हजारांवरून सुरुवात केली आणि दर दोन आठवड्यांनी हजार-दीड हजार वाढवत गेले. टाच सकाळी उठल्यावर पहिल्या पावलांना दुखायला लागली तर आकडा तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, चालून ती जात नाही. बुटांचा हिशेबही ठेवा. पळण्या-चालण्याचे बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात असं मानतात. रोज साडेबारा किलोमीटर म्हणजे चाळीस ते चौसष्ट दिवस. मला हे कळलं तेव्हा धक्काच बसला, कारण एकच जोडी मी सात महिने घालत होते आणि पोटरीच्या दुखण्याला वय कारण समजत होते. आता दोन जोड्या आलटून पालटून घालते.

काकांनी पंधरा दिवसांनी पुन्हा सुरुवात केली. बँड पँटच्या खिशात, हात पाठीमागे, अंगठा काउंटरवर. पहिल्या दिवशी काउंटरवर २,१६० आणि बँडवर २,१०४. त्यांनी दोन्ही आकडे मला दाखवायला वरच्या मजल्यावर निरोप पाठवला होता.

एवढं करूनही चूक राहिली तर

मग यंत्र तपासायची वेळ आली. माझ्या नेरूळच्या नणंदेचं तसंच झालं. हात मोकळे सोडून, पट्टा नीट बांधून, तीन वेगवेगळ्या दिवशी माळ मोजली आणि दर वेळी १,०८० मध्ये दोनशेच्या वर पावलं कमी. सेवा केंद्रात आधी तिला "तुम्ही हात हलवत नसाल" असं सांगून परत पाठवलं. दुसऱ्यांदा मी बरोबर गेले. जाण्याआधी बँड सिंक करून पूर्ण रीसेट केला, नवा असल्यासारखा जोडला आणि पुन्हा तीन माळा मोजल्या. तारीख, वेळ, मोजलेली पावलं, बँडवरची आधीची आणि नंतरची संख्या असं सगळं वहीत लिहिलं. शिवाय माझा बँड तिच्याच मनगटावर बांधून एक माळ, तिची १,०७४ आली.

ती वही सेवा केंद्राच्या टेबलावर ठेवली. आतला मुलगा स्वतः बँड बांधून दुकानासमोरच्या फुटपाथवर शंभर पावलं चालून आला. आकडा सत्त्याहत्तर. वॉरंटीला पाच आठवडे उरले होते, बदली बँड आठवड्याने मिळाला.